दोघांची ओंजळ

"मेल्या, कुणाच्या खुराड्यातनं उचललंस हे?"

असं मी लोण्याला विचारलं तेव्हा माझ्या हातात निवडायच्या मिरच्यांचं सूप होतं आणि डोक्यात शेजारच्या सुंदराकाकूंची कोंबडी होती. गेल्याच आठवड्यात त्या बाईनं अंड्यावरनं सगळी आळी डोक्यावर घेतली होती. म्हटलं, झालं, आज पुन्हा सकाळी सकाळी पूजा बांधणार आपली.

सकाळचं ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. लोण्या, म्हणजे आमच्या मामंजींचा शिकारी कुत्रा, कुंपणाच्या कवाडातून आत आला. मान ताठ, शेपूट सरळ, एकेक पाऊल जपून टाकत. गळ्यात तुटलेल्या दाव्याचं टोक लोंबत होतं. रात्री त्याला माझ्या मालकांनी, म्हणजे मामंजींच्या लेकानं, स्वतः बांधलं होतं, पण पठ्ठ्यानं दावं कुरतडून डोंगर गाठला होता. तोंड अर्धवट उघडं, आणि दातांच्या मागं काहीतरी गोल, पांढुरकं. अंडंच, दुसरं काय असणार?

माझी लेक शालन तेव्हा नुकती चालायला लागली होती. दोन पावलं टाकायची, धप्पकन बसायची, पुन्हा उठायची. लोण्याला बघितल्याबरोबर "भूभू, भूभू" करत ती निघाली आणि तिनं त्याचा कान मुठीत धरला. त्याचं नेहमीचंच होतं ते. तो बिचारा कान देऊन उभा राहायचा.

"ठेव खाली ते," म्हणत मी सूप बाजूला ठेवलं आणि हात पुढं केला. लोण्यानं घशातल्या घशात गुरगुर केली आणि जबडा थोडा आवळला.

तेवढ्यात मागच्या बाजूनं मालक आले. धावत आलेले, कपाळावर काट्याचे ओरखडे, पायात एकच चप्पल. माझा पुढं झालेला हात बघून जागच्या जागी थांबले.

"हात मागं घे." आवाज इतका बारीक, की मला वाटलं चेष्टा करतायत.

"का? चावतोय व्हय मला? रोज भाकरी कोण घालतंय त्याला?"

"अगं, पाया पडतो तुझ्या, हात मागं घे. अंडं न्हाई ते."

"मग काय हाय?"

लोण्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "गोळा हाय."

माझा हात आपसूक मागं आला.

गोळा म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमचं गाव आजऱ्याच्या डोंगरात. डुकरं रताळी उकरतात, भात लोळवतात, उसात तर संसारच थाटतात. तेव्हा रानडुकराची पारध आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांची. मामंजींच्या वडिलांच्या काळात सगळा गाव मिळून वाघर लावायचा. वाघर म्हणजे दोरखंडाचं जाळं. हाकारे रान उठवायचे, डुक्कर जाळ्यात शिरलं की भालेकरी पुढं. मामंजींच्या हातात ठासणीची बंदूक आली. दारू ठासायची, छर्रे भरायचे, आणि बार एकच. हुकला तर डुक्कर अंगावर. मामंजींच्या मांडीवर सुळ्याची खूण होती, वीतभर. मग काडतुसाची बंदूक आली, मग लांब उजेडाची बॅटरी आली, शहरातली माणसं जीपगाड्या घेऊन यायला लागली. आता तर माझा भाचा मोबाइलवर दाखवतो, काळोखात दिवसासारखं दिसणारी दुर्बीण निघालीय म्हणे. निघू देत बापडी.

आमच्या मालकांच्या ऐन उमेदीत निघाला होता गोळा. बाजारच्या दिवशी कोण एक माणूस पिशवीतून चोरून विकायचा. वरनं पिठाचा नि चरबीचा लेप, आत दारू. संध्याकाळी डुकराच्या वाटेवर ठेवायचा. डुकरानं चावला की तोंडातच बार. पहाटे जायचं, डुक्कर असेल तर डुक्कर आणायचं, नसेल तर गोळे जपून उचलून आणायचे. कायद्यानं बंदी होतीच, पण त्या डोंगरात कायदा कोण बघायला येतो?

त्यावरनं बापलेकांची जुंपली होती ती मला चांगली आठवते. मामंजी तेव्हा धडधाकट होते. सोप्यावर बसून सुपारी कातरत होते.

"आबा, आता हाकारे नगंत, कुत्री नगंत, झाडावर बसून डास मारायला नगं," मालक म्हणाले. "सांजंला ठेवायचं आन्‌ घरला येऊन झोपायचं. डुक्कर सोताच्या तोंडानं मरतंय."

"आणि शिकारी कुटं असतोय तवा?"

"घरात, गोधडीत! हीच तर सुधारणा हाय की."

"भ्या वाटत न्हाई तुला?"

"भ्या कशाचं? मी तिथं नसतोच की!"

मामंजींनी अडकित्ता थांबवला. "मला वाटायचं बाबा. हात कापायचे. बार एकच असायचा, म्हणून दहांदा बघायचो, माणूस न्हाई न्हवं, गाभण मादी न्हाई न्हवं. आता तू म्हंतोस भ्या न्हाईच. मग ते गेलं कुटं रं?"

"कुठं जातंय? संपलं!" म्हणून मालक हसले. मीही पदराआड हसले. म्हाताऱ्या माणसाला नवं काही पटत नाही, दुसरं काय!

पुढं पावसाळ्यात मामंजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली. उजवा हात लाकूड झाला, जीभ जड झाली. "आ" आणि "ऊं" एवढंच काय ते निघायचं. सोप्यावर खाटेवर पडून असायचे आणि खाटेखाली लोण्या.

त्या कुत्र्याला त्यांनी शिकवलं होतं अंड्यावर. घरात लेकराला अंडं मिळायची मारामार, आणि हे कुत्र्याच्या तोंडात रोज एक अंडं घालून मळ्यातून घरापर्यंत चालवत आणायचे. मी भांडी आपटायची. ते म्हणायचे, "पोरी, चितूर तोंडात आला तर त्याचं पीस मोडता कामा नये. दात असून न वापरणं, हीच कुत्र्याची इद्या." फुटलं की त्या दिवशी लोण्याला उपास. महिन्याभरात तो अंडं असं आणायला लागला, की त्यावर ओरखडा नसायचा.

आणि मागून घ्यायची पण रीत होती. मामंजी त्याच्यासमोर उकिडवे बसायचे, दोन्ही हातांची ओंजळ त्याच्या हनुवटीखाली धरायचे आणि म्हणायचे, "आण राजा." मगच तो सोडायचा. दुसऱ्या कुणी हात घातला तर जबडा आवळायचा, जास्तच केलं तर पळून जायचा. वस्तू हातात आली की मामंजी भाकरीचा तुकडा द्यायचे, आणि तो खाऊन लोण्या पुन्हा रानात, पडलेलं दुसरं पाखरू हुडकायला. सगळं संपलं की त्याच्या मानेवर हात ठेवायचे. तो हात पडला की शिकार संपली.

तर असा तो कुत्रा, गोल पांढरं दिसलं ते घरी आणायचं, म्हणून गोळा घेऊन माझ्या अंगणात उभा होता. दुसरं कुठलं कुत्रं असतं तर डोंगरातच चावून मेलं असतं. हा मेला नाही, कारण त्याला चावायचं नाही असं शिकवलं होतं. आणि मी आत्ता हात पुढं करून त्याला जबडा आवळायला लावला होता.

आणि माझ्या लेकीच्या मुठीत त्याचा कान होता.

"शालन," मी म्हटलं. "शालन, बाळ, इकडं ये."

पोरगीनं माझ्याकडं बघितलं, हसली, आणि दुसरा हात लोण्याच्या तोंडाकडं नेला. त्यातलं पांढरं तिलाही हवं होतं.

"देवा रवळनाथा," मालक पुटपुटले. त्यांचा पाय पुढं पडला तसा लोण्या गुरगुरला. ते थिजले.

पोरीला गूळ दाखवावा तर लोण्याला वाटेल खाणं आलं, आणि तो तोंडातलं खाली आपटेल. ओरडावं तर तो दचकेल. मला काही सुचेना. शेवटी मी मटकन खाली बसले, दोन्ही हात पसरले आणि तिला रोज न्हाऊ घातल्यावर हाक मारायची तशी हाक मारली, "कुठं गं माझी चिमणी? कुठं गेली माझी चिमणी?"

रोज ही हाक ऐकली की ती पळत येऊन माझ्या पदरात तोंड लपवायची. आज तिनं एकदा लोण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग कान सोडला. आली, धप्पकन पडली, पुन्हा उठली, आणि माझ्या पदरात शिरली. मी तिला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली.

"काय झालं गं? पोरीला का रडिवतीस?" कुंपणापलीकडनं सुंदराकाकूंचं तोंड वर आलं. "आणि त्या चोराच्या तोंडात माझंच अंडं हाय की न्हाई?"

"काकू, तुमच्या पाया पडते, बोलू नका. हिला घ्या आणि आळीच्या त्या टोकाला जावा."

काकू भांडखोर होत्या, पण खुळ्या नव्हत्या. माझं तोंड बघितलं आणि एक अक्षर न बोलता कुंपणावरनं हात लांब केले. शालनला घेतलं आणि गेल्या. त्या बाईला मी त्या दिवसापासून मनातनं सुद्धा कधी शिवी दिली नाही.

लोण्या मात्र आमच्याकडं बघतच नव्हता. तो सोप्याच्या पायऱ्या चढला. खाटेसमोर जाऊन बसला आणि मान वर करून थांबला. त्याला त्याच्या धन्याची ओंजळ हवी होती.

मामंजी जागे होते. त्यांनी लोण्याच्या तोंडात बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या लेकाकडं बघितलं, त्याचा तो अवतार बघितला, आणि त्यांना कळलं. लकव्यामुळं एकाच डोळ्यानं बघणारं माणूस, पण ती नजर मला आजही आठवते. रागावले नाहीत. त्यांनी डावा हात गोधडीतून काढला आणि खाटेच्या काठावरून खाली सोडला.

लोण्यानं तो हात हुंगला, पण गोळा सोडला नाही. एक हात म्हणजे ओंजळ नव्हे. त्याच्या हिशेबी अजून वेळ झाली नव्हती. तो बसून राहिला, तोंडातून लाळ टपकत होती.

"आबा, काय करू?" मालक कुजबुजले. "आबा, लाळंनं वरचा लेप सुटायला लागला तर?"

मामंजींनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. खांदा हलला, हात नाही. कपाळावर घाम आला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी त्या घरात नांदायला आल्यापासून मामंजींसमोर कधी बसले नव्हते. ताट ठेवायचं ते खाली बघून. आजारपणात त्यांना उठवणं-बसवणं मालक करायचे, मी नाही. सुनेनं सासऱ्याच्या हाताला हात लावायची पद्धतच नव्हती आमच्यात. पण त्यांनी बघितलं, आणि डाव्या हाताचा पंजा उलगडून माझ्यासाठी जागा केली.

"तू नगंस," मालक म्हणाले. "मी बसतो."

"तुमचे हात बघा अगोदर."

त्यांनी बघितले. गवताचं पातं हलावं तसे हलत होते. ते मागं सरले.

मी डोक्यावरचा पदर नीट केला, का कोण जाणे, आणि लोण्यासमोर उकिडवी बसले. माझ्या हातांना मिरच्यांचा वास. आता ह्याला शिंक आली तर? उजवा हात तसाच लुगड्याला खसाखसा पुसला. मग तो मामंजींच्या डाव्या हाताशेजारी धरला. त्यांनी करंगळीनं माझी करंगळी पकडली. त्यांचा हात कोरडा होता, गरम होता. अर्धी ओंजळ त्यांची, अर्धी माझी.

लोण्यानं आधी त्यांचा हात हुंगला, मग माझा. माझ्या हातापाशी बराच वेळ थांबला. त्याचा श्वास बोटांवर येत होता आणि मी मनात एकच म्हणत होते, शालन काकूंकडं आहे, शालन काकूंकडं आहे.

"आ," मामंजी म्हणाले. "आ... आ..."

पुढचे शब्द निघालेच नाहीत, पण लोण्याला पुरले. त्यानं हनुवटी आमच्या बोटांवर टेकली, जबडा उघडला, आणि गोळा ओंजळीत सोडला. ओला, कोमट. अंड्याएवढाच जड. त्यावर दाताचा एकही व्रण नव्हता.

"डोणीत," मालक म्हणाले. "पाण्यात गेला की मरतोय तो. दे माझ्याकडं..." पण पुढं झाले नाहीत.

मीच उठले. मामंजींची करंगळी सुटली तेव्हा एकटी पडल्यासारखं वाटलं. दोन्ही हातांत धरून पायऱ्या उतरले, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीपाशी गेले, हात कोपरापर्यंत बुडवले आणि तळाला नेऊन बोटं एकेक करून सोडली. वर आले आणि तिथंच चिखलात बसून घेतलं. रडू आलं, ते आवरलं नाही.

माणूस वाचला की आधी खुळ्यासारखं वागतो. मालकांचं तसंच झालं. चुलीपाशी गेले, टोपल्यातली अख्खी भाकरी उचलली आणि लोण्यापुढं टाकली. "खा, बाबा, खा! माझ्या पोरीला वाचिवलंस तू. उपकार झाले तुझे!" म्हणत त्याच्या गळ्यात पडायला गेले.

सोप्यावरनं मामंजी ओरडले. "ऊं! ऊंऽऽ!" डाव्या हातानं खाट बडवायला लागले.

"पाणी पायजे व्हय, आबा? आणतो."

"ऊंऽऽऽ!"

लोण्यानं भाकरीचा लचका गिळला, उरलेली तशीच टाकली, आणि बाणासारखा कवाडातून बाहेर पडला. डोंगराकडं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भाकरी मिळाली, म्हणजे शाब्बास, जा, आता दुसरं आण.

"अहो," मी म्हटलं, "वर अजून हायत?"

मालकांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "एक जागेवर न्हवता, तिथं लोण्याचे पाय उमटलेले, म्हणून मी तसाच पळत खाली आलो. बाकीचे उचललेच न्हाईत." आणि माझं पुढचं ऐकायला न थांबता ते लोण्याच्या मागं धावत सुटले. पायातली उरलेली चप्पल अंगणात पडली.

मग घरात उरले मी आणि मामंजी.

मी खाटेच्या पायापाशी, जमिनीवर बसले. कान डोंगराकडं. कुणाच्या तरी घरात जातं घरघरलं, कुणी लाकूड फोडलं, आणि दर ठोक्याला माझा जीव उडायचा. बार झाला तर तो कुत्र्याचा असेल, की त्याला अडवायला गेलेल्या माणसाचा, हे इथं बसून कसं कळणार? एकदा वाटलं, बार लवकर होऊन जाऊ दे आणि सुटू दे सगळं. लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

मामंजींच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, एकाच डोळ्यातून. मी पदरानं पुसलं. आता काय राहिलं होतं पद्धतीचं?

"मामंजी," मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं न्हवं, भ्या कुटं गेलं म्हणून?"

त्यांनी मान हलवली.

"हितं आलंय. आपल्या सोप्यावर."

त्यांनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला. आम्ही तसेच बसून राहिलो. ऊन सोप्याच्या पायरीवर चढलं, तरी डोंगर गप्पच.

मग कवाड वाजलं. लोण्या आत आला. मान ताठ, शेपूट सरळ, पाऊल जपून. तोंडात दुसरा गोळा. आणि त्याच्या मागं, हातभर अंतरावर, मालक. अनवाणी, तोंड पांढरंफटक, श्वाससुद्धा चोरून घेत. त्यांनी कुत्र्याला गाठलं तेव्हा गोळा आधीच त्याच्या तोंडात गेला होता. हाक मारायची सोय नाही, धरायची सोय नाही. डोंगरापासून घरापर्यंत ते तसेच मागून चालत आले होते. ओढा आला तेव्हा लोण्यानं उडी मारली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. धनगराच्या वाड्यावरची कुत्री भुंकत आली तेव्हा ते मध्ये उभे राहिले आणि पिंढरीला चावा खाऊन घेतला, पण ओरडले नाहीत. हे सगळं त्यांनी मला पुढं सांगितलं. त्या वेळी फक्त पायावरनं रक्त वाहताना दिसत होतं.

लोण्या खाटेसमोर बसला. मी उठून माझ्या जागी बसायला गेले. तसं मामंजींनी डाव्या हातानं मला बाजूला सारलं आणि त्या हाताचं बोट लेकाकडं केलं.

"आबा, मला न्हाई जमायचं," मालक म्हणाले. "आबा, तिला बसू दे. माझे हात..."

बोट तसंच राहिलं.

मालक येऊन बसले. उजवा हात बापाच्या डाव्या हाताशेजारी धरला. तो हात कापत होता, आणि लोण्याला कापणारा हात नको होता. तो गुरगुरला. जबडा आवळला गेला तो मला दिसला, आणि मी खांबाला धरलं. तेव्हा मामंजींनी लेकाचा पंजा आपल्या पंज्यात घेतला, लहान पोराचा घ्यावा तसा, आणि दाबून धरला. किती वेळ, कुणास ठाऊक. कापणं हळूहळू कमी झालं. मग त्यांनी पंजा उलगडला, करंगळीत करंगळी अडकवली.

"आ..." मामंजी म्हणाले.

"आण राजा," मालक म्हणाले.

लोण्यानं गोळा सोडला.

तो डोणीत गेल्यावर लोण्या भाकरीसाठी जीभ काढून उभा राहिला. ह्या वेळी कुणी हललं नाही. मामंजींनी हात त्याच्या मानेवर ठेवला. लोण्यानं एक सुस्कारा टाकला, पुढच्या पायांवर डोकं टेकलं आणि झोपला.

मालक पुन्हा डोंगरात गेले, एकटेच. उरलेले गोळे एकेक करून आणले, एकेक करून पाण्यात सोडले. शेवटचा सोडून आले तेव्हा उन्हं कलली होती. खाटेपाशी उभे राहिले.

"आबा," ते म्हणाले, "मला लई भ्या वाटलं."

मामंजी हसले. लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच, अर्ध्या तोंडानं.

दसऱ्याच्या आधी ते गेले. दिवस घालून झाले, पाहुणे परतले, खाट अजून सोप्यावरच होती. एका सकाळी मी आणि मालक दारात बसलो होतो, तर लोण्या कवाडातून आला. मान ताठ, शेपूट सरळ, तोंडात गोल पांढरं. रिकाम्या खाटेसमोर जाऊन बसला.

घरात गोळा नव्हता. अख्ख्या गावात कुणाकडं उरला नव्हता, मालकांनी दारोदार जाऊन पाया पडून बंद करायला लावले होते. दोघांनाही ठाऊक होतं, ते अंडं आहे.

मालक उकिडवे बसले. दोन्ही हातांची ओंजळ धरली. "आण राजा." लोण्यानं हुंगलं, पण सोडलं नाही. त्याची ओंजळ आता दोघांची होती. मी उठले, त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा डावा हात, माझा उजवा. करंगळीत करंगळी.

लोण्यानं अंडं सोडलं. कोमट, ओलं, कुठं चरासुद्धा नाही.

"अगं बया, माझंच हाय ते!" कुंपणावरनं सुंदराकाकू हसत म्हणाल्या. "द्या इकडं!"

अंडंच होतं, पण ते भ्या आम्हांला विसरायचं नव्हतं. आम्ही दोघं उठलो. ओंजळ न सोडता, एकमेकांच्या पावलाला पाऊल लावत पायऱ्या उतरलो, डोणीपाशी गेलो, आणि ते अंडं तळाला नेऊन अलगद पाण्यात सोडलं.